सणाच्या चुलीवर शब्बाथाचा स्वयंपाक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू आहोत. यजमानांच्या बदलीमुळे अलिबागेहून यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहावयास आलो आहोत. येथे सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) नाही, प्रार्थना चालवणारा हझान नाही आणि आपल्या समाजाचे दुसरे घरही नाही. २०२६ साली वल्हांडणाचे (बेखमीर भाकरीच्या सणाचे) पहिले दोन दिवस गुरुवार २ व शुक्रवार ३ एप्रिल असे येतात आणि लगेच शनिवारी शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा विश्रांतीचा दिवस) आहे. सासूबाई हयात असताना अशा वेळी सणाच्या आदल्या दिवशी उकडलेले अंडे आणि बेखमीर भाकर बाजूला ठेवून काही शब्द म्हणत असत. परंतु आम्ही ते कधी नीट विचारून घेतले नाही. मुंबईचे एक नातेवाईक म्हणतात की, तिकडे सिनेगॉगमध्ये सर्वांच्या वतीने ते केले जाते, तेव्हा तुम्ही वेगळे करण्याचे कारण नाही. इस्राएलमधील नणंद म्हणते की, यंदा वल्हांडणाला त्याची गरजच नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये ऊन फार, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि सिलिंडर संपले की चूलच पेटवावी लागते. आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या सासूबाई करीत असत त्या विधीला एरुव तवशिलीन म्हणतात. तो आपण स्वतः, आपल्या घरी, बुधवारी १ एप्रिलला सूर्यास्तापूर्वी करावयाचा आहे. मुंबईचे नातेवाईक आणि इस्राएलमधील नणंद या दोघांचेही म्हणणे त्यांच्या त्यांच्या ठिकाणी बरोबर असले, तरी ते आपल्याला लागू पडत नाही. इस्राएल देशात वल्हांडणाच्या आरंभी सणाचा कडक दिवस एकच पाळतात. त्यामुळे तेथे शुक्रवार ३ एप्रिल हा सणाच्या आठवड्यातला मधला दिवस ठरतो आणि त्या दिवशी शब्बाथाचा स्वयंपाक करण्यास काही आडकाठी नसते. देशाबाहेर आपण दोन दिवस पाळतो, म्हणून आपला शुक्रवारही सणाचाच. मुंबईच्या सिनेगॉगमध्ये सर्वांच्या वतीने केलेला एरुव त्या गावाला आणि गावाच्या वेशीपासून २००० हातांच्या, म्हणजे सुमारे १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना उपयोगी पडतो. यवतमाळ जिल्ह्यापर्यंत तो पोहोचत नाही.

आता मूळ नियम पाहू. शब्बाथाला अन्न शिजवणे सर्वस्वी वर्ज्य आहे. सणाच्या दिवशी मात्र, तोरातील (मोशेच्या पाच पुस्तकांतील) निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील सोळाव्या वचनाच्या आधाराने, त्या दिवशी जे खायचे तेवढे शिजवण्याची मोकळीक आहे. ही मोकळीक त्याच दिवसापुरती आहे. सणाच्या दिवशी पुढच्या दिवसाचा स्वयंपाक करता येत नाही, मग तो पुढचा दिवस साधा वार असो, सणाचाच दुसरा दिवस असो की शब्बाथ असो. एरवी शब्बाथाचे सर्व काही शुक्रवारी उरकून घेतले जाते. परंतु शुक्रवारच सणाचा निघाला म्हणजे शनिवारी शिजवता येत नाही आणि शुक्रवारी शिजवावे तर ते दुसऱ्या दिवसासाठी होते. सगळेच बुधवारी रांधून ठेवावे, तर आपल्याकडच्या उन्हात ते शनिवार दुपारपर्यंत टिकावयाचे नाही. अशा वेळेसाठी धर्मपंडितांनी असे ठरवून दिले की, सण लागण्यापूर्वीच शब्बाथाच्या स्वयंपाकाला हात घालावा आणि शिजवलेल्या अन्नाचा एक भाग शब्बाथासाठी राखून ठेवावा, म्हणजे शुक्रवारी चुलीवर जे चढेल ते नवे काम न राहता आधीच आरंभलेल्या कामाचा पुढचा भाग होईल.

राखून ठेवण्याच्या अन्नात शिजवलेला पदार्थ हा मुख्य होय. तो किमान ऑलिव्हच्या फळाएवढा असावा आणि भाकरीबरोबर खाल्ला जाईल असा असावा. मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहाच्या बेत्सा या भागात शम्माय या पंडितांच्या परंपरेने दोन पदार्थ सांगितले आहेत आणि हिल्लेलच्या परंपरेने एक. आचार हिल्लेलप्रमाणे चालतो. पदार्थ उकडलेला, भाजलेला किंवा मुरवलेला, कसाही चालतो. मडक्याच्या तळाशी राहिलेल्या मसुरीवरही एरुव धरता येतो, असे मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ तालमूद सांगतो. यावरून दिसते की येथे थाटमाटाची अपेक्षा नाही. अन्न खरेखुरे आणि खाण्याजोगे असले म्हणजे झाले. इस्राएलमधील सफेद या गावचे योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात शिजवलेल्या पदार्थाबरोबर भाकरही ठेवण्यास सांगितले आहे, कारण शिजवण्याप्रमाणे भाजण्याचाही आरंभ झाला पाहिजे. तिचा आकार अंड्याएवढा धरतात. वल्हांडणाला अर्थातच बेखमीर भाकर ठेवावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. यंदा सप्ताहांचा सण (शावुओत) शुक्रवारी २२ मे रोजी येतो आणि त्याचा दुसरा दिवस शब्बाथालाच पडतो, म्हणून गुरुवारी २१ मे रोजी आपल्याला पुन्हा एरुव करावा लागेल. (त्या वेळी इस्राएलमध्ये आपल्या नणंदबाईंनाही तो चुकणार नाही.) त्या सणाला खमिराची अडचण नसल्यामुळे घरात केलेली ज्वारीची भाकर ठेवण्याचा मोह आपल्या भागात होणे साहजिक आहे. तथापि धर्मशास्त्रात भाकर म्हणजे गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचीच. ज्वारी त्यांत बसत नाही. तेव्हा गव्हाची जाड पोळी किंवा पाव ठेवावा आणि ज्वारीची भाकर जेवणात खुशाल वाढावी.

बुधवारी दिवस मावळण्यापूर्वी अंडे आणि बेखमीर भाकर एका ताटलीत घेऊन प्रथम आशीर्वचन म्हणावे, ज्यात एरुवाची आज्ञा देणाऱ्या देवाची स्तुती आहे. त्यानंतरचे निवेदन परंपरेने अरामी भाषेत म्हणतात. परंतु जे म्हणतो ते समजले पाहिजे, म्हणून ते मराठीत म्हणण्यास काहीच हरकत नाही, किंबहुना मला तेच अधिक योग्य वाटते : “या एरुवाच्या योगाने आम्हांला सणाच्या दिवशी शब्बाथासाठी भाजण्याची, शिजवण्याची, अन्न झाकून उष्ण ठेवण्याची, दिवा लावण्याची आणि लागणारी सर्व तयारी करण्याची मोकळीक असो.” घरातील एकाने केलेला एरुव त्या घरात जेवणाऱ्या सर्वांना पुरतो.

त्यानंतर ती ताटली जपणे हे खरे काम आहे. वल्हांडणाच्या दोन्ही रात्री सेदर (सणाचे विधिपूर्वक भोजन) असतो, पानांत उकडलेली अंडी असतात आणि पाहुणे असले की स्वयंपाकघरात चार हात वावरतात. त्या गर्दीत एरुवाचे अंडे सोलून कोणी मिठाच्या पाण्यात बुडवले, तर शुक्रवारी सकाळी लक्षात येऊनही उपयोग नाही. म्हणून एरुवाचे अंडे उकडल्यावर सोलू नये, त्यावर बुधवारीच कोळशाने खूण करावी आणि ते बेखमीर भाकरीसह एका डब्यात घालून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवावे. सेदरच्या ताटातले अंडे वेगळे, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे. फ्रिजचा दिवा दार उघडताच लागतो, म्हणून तो बुधवारीच काढून ठेवावा. वीज गेली आणि अंडे नासले, तर ते हरवल्यासारखेच समजावे लागते. यासाठी एकाऐवजी दोन अंडी ठेवून त्यांपैकी एक ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ गारव्याला ठेवले, तर चिंता कमी होते. शब्बाथाचा स्वयंपाक होण्यापूर्वी एरुव हरवला किंवा खाल्ला गेला आणि ऑलिव्हएवढाही उरला नाही, तर नव्याने काही शिजवता येत नाही. मात्र पीठ भिजवून कामाला सुरुवात झालेली असेल, तर ते काम पुरे करण्याची परवानगी आहे.

एरुवामुळे शब्बाथाची तयारी करता येते ती फक्त शुक्रवारी. गुरुवारी शब्बाथासाठी तर नाहीच, पण शुक्रवारसाठीही काही करावयाचे नाही, अगदी ताटे मांडून ठेवणेसुद्धा नाही. दुसऱ्या सेदरची तयारी गुरुवारी रात्री तारे दिसल्यानंतरच सुरू करावी. तसेच सणाच्या दिवशी जे मुळातच वर्ज्य आहे ते एरुवाने मोकळे होत नाही. नवा अग्नी पेटवता येत नाही, म्हणून काडेपेटी आणि गॅसचा लायटर दोन्ही दूर ठेवावीत. पेटलेला अग्नी विझवता येत नाही, म्हणून गॅसचे बटण बंद करता येत नाही. बुधवारी सूर्यास्तापूर्वी एक मोठा तेलाचा दिवा कोनाड्यात लावून ठेवावा. सणाच्या दिवशी त्यात गरजेप्रमाणे तेल घालता येते आणि त्यावरून काडी पेटवून चूल शिलगावता येते. या बाबतीत आपली चूल गॅसपेक्षा सोयीची आहे, कारण सरपण संपले की विस्तव आपोआप विझतो आणि कोणाला हात लावावा लागत नाही. परंतु तुराट्या आणि पऱ्हाट्या बुधवारीच शेतातून आणून, मोडून, चुलीजवळ रचून ठेवाव्यात. सणाच्या दिवशी शेतातून सरपण गोळा करणे चालत नाही.

शुक्रवारचा स्वयंपाक शक्यतो दुपारपर्यंत आटोपावा. अन्न दिवस मावळण्यापूर्वी इतके आधी तयार झाले पाहिजे की त्या क्षणी पाहुणा दारात आला तर त्याला वाढता येईल. भांडे वाकळेत गुंडाळून ठेवावयाचे असेल, तर तेही सूर्यास्तापूर्वी. मग त्याच कोनाड्यातल्या दिव्यावरून शब्बाथाचे दिवे लावावेत. पुष्कळ ठिकाणी सूर्यास्तापूर्वी १८ मिनिटे ही दिव्यांची वेळ धरतात. या संदर्भात मुंबईसाठी छापलेल्या वेळापत्रकावर कृपया विसंबू नका. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेला सुमारे ५ अंश रेखांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण २० मिनिटे आधी मावळतो. मुंबईची दिव्यांची वेळ पाळलीत, तर आपल्या गावात तोवर सूर्यास्त होऊन गेलेला असेल. विदर्भात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांकडून ही गोष्ट सहज नजरेआड होते आणि ती एरुवाइतकीच महत्त्वाची आहे. आपल्या गावाची सूर्यास्ताची वेळ पंचांगातून किंवा मोबाइलवरून पाहून घ्यावी आणि त्यातून १८ मिनिटे वजा करावीत.

राखलेले अन्न शब्बाथाला खावे. बेखमीर भाकर शब्बाथाच्या भोजनात आशीर्वादासाठी घ्यायच्या दोन भाकरींपैकी एक म्हणून घेतात, आणि अनेक घरांत ती तिसऱ्या भोजनापर्यंत मुद्दाम राखून ठेवतात.

प्रश्न : माझ्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब राहते. त्यांच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी एक अंडे बाजूला ठेवले की दोन दिवसांनी शब्बाथाचा पूर्ण स्वयंपाक करण्यास परवानगी मिळते, असे मला सांगण्यात आले. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. तरीही एका अंड्याने मनाई उठत असेल, तर ही नियमातून काढलेली पळवाट नव्हे काय?
— एक निवृत्त शिक्षक, जि. वर्धा

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो आमच्या पूर्वसूरींनीही स्वतःला विचारला होता. तालमूदमध्ये या विधीची दोन कारणे दिली आहेत आणि ती दोन्ही आपल्या शंकेला थेट भिडतात. त्यातील पंडित रावा म्हणतात की, लागोपाठ सण आणि शब्बाथ आले म्हणजे माणूस सगळे चांगले अन्न सणातच संपवून बसतो. एरुवाच्या निमित्ताने त्याला आदल्या दिवशीच शब्बाथाची आठवण होते आणि तो सणासाठी एक चांगला वाटा व शब्बाथासाठी एक चांगला वाटा निवडून ठेवतो. राव आशी यांचे कारण निराळे आहे. सणाच्या दिवशी शब्बाथासारख्या पवित्र दिवसाचा स्वयंपाक करण्यासाठीही जर एवढी पूर्वतयारी लागते, तर सणाच्या दिवशी साध्या वाराचा स्वयंपाक मुळीच करता येणार नाही, हे लोकांच्या मनावर ठसावे, असे ते सांगतात. म्हणजे पहिल्या कारणात शब्बाथाचा मान राखला आहे आणि दुसऱ्यात सणाचा. पळवाट काढणारा नियम विसरावयास लावतो. येथे तर नियमाची आठवण राहावी म्हणूनच विधी ठेवला आहे.

आता, अंड्याने मनाई उठते हे म्हणणेही तितकेसे खरे नाही. मुळात तोरातली मनाई आहे की नाही, यावर रब्बा आणि राव हिस्दा या तालमूदमधील पंडितांचा वाद आहे. राव हिस्दांच्या मते तोरानुसार सणाच्या दिवशी शब्बाथाची गरज भागवता येतेच. मनाई नंतरच्या पंडितांनी घातली आणि ज्यांनी घातली त्यांनीच एरुवाच्या अटीवर ती सैल केली. रब्बांच्या मते सणाच्या दिवशी दुसऱ्या दिवसाचे शिजवणे तोरालाच मान्य नाही. परंतु दिवस मावळण्यापूर्वी पाहुणे येऊ शकतात आणि त्यांना तेच अन्न सणाच्या दिवशीच वाढता येईल, म्हणून ते सणाचेच अन्न मानता येते. वर पहिल्या उत्तरात अन्न सूर्यास्तापूर्वी पुरेसे आधी तयार व्हावे असे लिहिले, ते यामुळेच. शुक्रवारी संध्याकाळी ऐनवेळी चुलीवर चढवलेले भांडे पाहुण्याला वाढता येत नाही, आणि मग रब्बांच्या मते त्या स्वयंपाकाचा आधारच उरत नाही.

तिसरा आधार तालमूदमधील एलिएझर या पंडितांचा आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, गोळा करण्याच्या प्रसंगी मोशेने लोकांना सांगितले की जे भाजायचे ते भाजा आणि जे शिजवायचे ते शिजवा. त्यातून एलिएझर असे काढतात की, भाजणे हे आधी भाजलेल्यावर आणि शिजवणे हे आधी शिजवलेल्यावर चालवावे. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तेव्हापासूनच पोळा सुरू झाला असे शेतकरी मानतो. शब्बाथाचेही त्या ताटलीपासून तसेच आहे.

एरुवात राखलेले अन्न नुसती खूण म्हणून ठेवून भागत नाही, हेही आपण ध्यानात घ्यावे. ते खरोखर शिजलेले, खाण्याजोगे आणि शब्बाथाचा स्वयंपाक होईपर्यंत शिल्लक असावे लागते. ते संपले की मोकळीकही संपते. एखाद्याने एरुव करून सणाच्या दिवशी रविवारचा स्वयंपाक करावयाचे म्हटले, तर त्याला एरुवाचा काडीचाही उपयोग नाही. कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांना शेजारीपाजारी शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. व्यवसायाचे नुकसान सोसून ज्यांनी तो दिवस पाळला, त्यांना पळवाटच हवी असती तर घाण्यासाठी शोधता आली असती.

प्रश्न : माझी मुलगी नागपूरला नोकरी करते व एकटी राहते. ती विसराळू आहे. मी आमच्या गावी तिच्या वतीने एरुव करू शकते काय? आणि ती विसरलीच, तर तिने शब्बाथाला उपाशी राहावे काय?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : दुसऱ्याच्या वतीने एरुव करता येतो, मात्र तो माणूस त्याच गावात किंवा वर सांगितलेल्या २००० हातांच्या आत असला पाहिजे, आणि एरुवाच्या अन्नात त्याचा वाटा आहे म्हणून तिसऱ्या व्यक्तीच्या हाती ते अन्न देऊन ते त्याच्या नावे करावे लागते. अमरावती जिल्ह्यातून नागपूरच्या मुलीसाठी ते शक्य नाही. बुधवारी दुपारी तिला फोन करावा आणि ती अंडे व भाकर हातात घेऊन निवेदन म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.

तिसऱ्या शतकात बाबेलमधील नहार्देआ या गावी शमुवेल या पंडितांचे वडील सर्व गावासाठी एरुव करीत. पुढे शमुवेलपुढे पाठ म्हणणारा एक अंध गृहस्थ सणाच्या दिवशी खिन्न बसलेला दिसला. एरुव करावयाचा राहिला, असे त्याने सांगताच शमुवेलने त्याला आपल्या एरुवावर विसंबण्यास सांगितले. पुढच्या वर्षी तोच गृहस्थ पुन्हा तसाच बसलेला दिसला, तेव्हा शमुवेल म्हणाला की, तू निष्काळजी आहेस. सर्वांना परवानगी आहे, तुला नाही. गावाचा एरुव हा खरोखर विसरलेल्या किंवा अडचणीत सापडलेल्या माणसासाठी आहे. त्यावर भिस्त ठेवून दरवर्षी निर्धास्त राहणाऱ्यासाठी तो नाही.

यंदाच्या वल्हांडणात मुलीला गुरुवारी आठवण झाली, तर तिने त्याच दिवशी सशर्त एरुव करावा आणि असे म्हणावे की, आज सणाचा खरा दिवस असेल तर उद्या साधा वार आहे व एरुवाची गरज नाही. आज साधा वार असेल तर हा माझा एरुव. रोश हशना या नववर्षाच्या सणाच्या दोन दिवसांत हा उपाय चालत नाही. सप्ताहांच्या सणालाही यंदा तो चालणार नाही, कारण तेथे शुक्रवार हा पहिलाच दिवस आहे. तशा वेळी शुक्रवारच्या दुपारच्या जेवणासाठी एकच मोठे भांडे चढवून भरपूर शिजवावे, जेवण्यापूर्वीच शिजवावे, आणि उरेल ते शब्बाथाला घ्यावे. मिश्नात यास स्पष्ट परवानगी आहे. एरुव केलेले दुसरे घर नागपुरात जवळपास असेल, तर आपले पीठ व जिन्नस त्या घरच्यांना देऊन टाकावे आणि त्यांनी ते शिजवून द्यावे, हाही मार्ग शुल्हान आरुखमध्ये आहे. यांपैकी काहीच जमले नाही, तर तिने एक भाकर भाजावी, एक भांडे शिजवावे आणि एक दिवा लावावा. एवढे तिला कोणीही नाकारलेले नाही.